सर, मुलाखतीला निघायच्या आधी : नव्यानं रुजू झालेल्या प्रशिक्षकांना खुलं पत्र

प्रिय प्रशिक्षक मित्रांनो,

सप्रेम नमस्कार.

जून लागला की तुमच्यातले कितीतरी जण कुठं ना कुठं नव्यानं रुजू होतात. कुणी शाळेत, कुणी खासगी अकादमीत, कुणी आमच्यासारख्या गल्लीतून उभ्या राहिलेल्या केंद्रात. पहिल्या दिवशी मुलं रांगेत उभी राहतात, पालक कठड्याला टेकून बघत असतात आणि तुम्ही शिट्टी वाजवता. हे पत्र त्या शिट्टीनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांबद्दल आहे. त्याच आठवड्यांत दुसरीकडून मुलाखतीचा फोन येतो, आणि तो घेताना तुम्ही मैदानाच्या कडेला, पोरांपासून जरा लांब जाऊन उभे राहता.

मी कोल्हापूरचा. लहान मुलांच्या एका फुटबॉल केंद्राचं कामकाज गेली १४ वर्षं बघतोय. मी प्रशिक्षक नाही. मैदानाचं भाडं भरायचं, बॉल शिवून आणायचे, पालकांचे फोन घ्यायचे आणि दर दोन-तीन वर्षांनी नवे सर शोधायचे, एवढंच माझं काम. त्यामुळं या विषयाची दुसरी बाजू मला जवळून माहीत आहे. तुम्ही "येतो" म्हणता, त्यानंतर आमच्याकडं काय काय हलतं ते मी बघितलंय.

आमच्या गावात फुटबॉल म्हणजे काय हे बाहेरच्या माणसाला सांगून पटत नाही. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि प्रॅक्टिसचा सामना असला की दुपारपासून पेठांचे रस्ते ओस पडतात. तालीम मंडळांचे हे संघ म्हणजे पेठेची इभ्रत. एखादा खेळाडू या तालमीतून त्या तालमीत गेला की चहाच्या गाड्यावर आठवडाभर तोच विषय. आणि कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला, तेव्हापासून आमच्याकडं येणाऱ्या आईबापांचे डोळेच वेगळे झालेत. आधी ते मुलाला दमवायला आणायचे. आता ते सरांना विचारतात, "सर, याच्यात काय दिसतंय का?"

आणि तुम्ही जे उत्तर देता त्यावर घरं निर्णय घेतात.

दोन वर्षांपूर्वी आमच्याकडं एक नवे सर आले. वय असेल सव्वीस, सी लायसन्स म्हणजे प्रशिक्षकाचा परवाना झालेला, बोलायला गोड, मुलांत मिसळणारे. मे महिन्यात आम्ही तिघांच्या मुलाखती घेतल्या होत्या. त्यांना फोन केला तेव्हा पलीकडून क्षणभरही न थांबता उत्तर आलं, "येतो सर, नक्की." आम्ही दुसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला त्याच संध्याकाळी नकार कळवला. तो आमच्याच भागातला मुलगा होता, त्यानं विचारलं, "थोडं थांबू का?" मी म्हणालो, "नको रे, जागा भरली." नव्या सरांसाठी खोली बघितली, अनामत भरली, एका रविवारी पालकांना बोलावून ओळख करून दिली.

आणि माणूस कामाचा होता, हे मी आजही सांगेन. पहिल्याच आठवड्यात त्यांनी दोनशे पानी वही घेतली आणि ४१ मुलांचं एकेक पान केलं. नाव, वय, कुठला पाय चालतो, कशाला घाबरतो. आमचा एक गोलकीपर आहे, तेव्हा बारा वर्षांचा होता. त्याच्या पानावर लिहिलं होतं : "उंच बॉल आला की डोळे मिटतो. आधी टेनिस बॉल. पकडण्याआधी रंग मोठ्यानं सांगायचा." मग सर दोन रंगांचे टेनिस बॉल घेऊन आले. दहा पावलांवरून ते बॉल उंच टाकायचे, आणि पोरगं "पिवळा!" "हिरवा!" ओरडत पकडायचं. रंग सांगायचा म्हणजे डोळे उघडे ठेवावेच लागतात. इतकी साधी युक्ती, पण तोवरच्या बारा वर्षांत आमच्या कुणाला सुचली नव्हती. मी कडेला उभा राहून बघायचो आणि मनात म्हणायचो, यंदा माणूस बरोबर मिळाला.

एकोणिसाव्या दिवशी सरांनी दोन दिवसांची रजा मागितली. चुलत भावाचा साखरपुडा. दिली. दुसऱ्या दिवशी दुपारी मी बॉल शिवायला टाकायला गेलो होतो, तिथं दुकानात फोन आला. पुण्याच्या एका संस्थेतून. बाई नम्रपणे बोलत होत्या. म्हणाल्या, "हे प्रशिक्षक तुमच्याकडं किती दिवस होते?"

होते.

मी म्हणालो, "मॅडम, ते आहेत." पलीकडं थोडा वेळ कुणी बोललं नाही.

पुढचं लांबवत नाही. तिसऱ्या दिवशी सर परत आले, माझ्याशी नेहमीसारखं बोलले, मीही काही विचारलं नाही. तेव्हा विचारायला हवं होतं. आठवडाभरानं रात्री पावणेअकराला पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर चार ओळींचा संदेश आला : घरगुती कारणामुळं काम थांबवावं लागतंय, मुलांना शुभेच्छा, आणि हात जोडल्याचं चिन्ह. सकाळी खोली रिकामी. वही मात्र टेबलावर ठेवून गेले होते. ते त्यांनी चांगलं केलं, मी मानतो.

नकार कळवलेल्या त्या स्थानिक मुलाला फोन लावला. तो तोवर शिरोलीच्या एमआयडीसीत लागला होता, शिफ्टमध्ये. "आता नाही जमायचं काका," म्हणाला. एका मुलाच्या वडिलांनी बाहेरगावच्या निवासी केंद्रात मिळालेली जागा सोडून दिली होती, कारण सर त्यांना म्हणाले होते, "इथंच ठेवा, दोन वर्षं माझ्याकडं द्या." ती जागा गेली. आणि तो गोलकीपर. तो तर मला भेटायला ऑफिसच्या दारात आला, हातात ते दोन टेनिस बॉल. "काका, टेनिस बॉल झाल्यावर पुढं काय करायचं होतं?"

मला माहीत नव्हतं. वहीत पुढचं लिहिलेलं नव्हतं. ते सरांच्या डोक्यात होतं.

मित्रांनो, तुमच्या पेशाचा हा भाग बाहेरच्यांना कळत नाही, पण तुम्हाला तर कळतो. ऑफिसातला माणूस गेला तर फायली मागं राहतात, दुसरा येऊन वाचतो. प्रशिक्षक गेला की अर्धवट बदललेलं शरीर मागं राहतं. कुठल्याही खेळात जुनी सवय मोडून नवी लावायला घेतली की मुलाचा खेळ आधी बिघडतो. पायाची जागा बदलली की काही आठवडे नेम चुकतो, मग हळूहळू बसतो. तो बिघाड तुम्ही जाणूनबुजून घडवता, आणि मुलगा तो सोसतो, कारण पलीकडच्या काठावर घेऊन जाणारे तुम्ही आहात हे त्यानं धरलेलं असतं. मधल्या पाण्यात त्याला सोडून गेलात तर तो जुन्याही काठावर नसतो.

आता तुमची बाजू. ती मी मनापासून लिहितोय, तोंडदेखली नाही.

आम्ही त्या सरांना महिना १८ हजार देत होतो. पुण्यात त्यांना जवळजवळ दुप्पट मिळणार होते, असं नंतर कळलं. सव्वीस वर्षांच्या, घरी हप्ते असलेल्या मुलानं ते नाकारावं असं मी म्हणणार नाही. माझा मुलगा असता तर मीच म्हणालो असतो, जा. लायसन्सच्या कोर्सला पैसे लागतात, प्रवास लागतो, सुट्ट्या लागतात; आणि तो खर्च करून आलेल्या माणसाला आपण काय देतो हे आपल्याला माहीत आहे. चांगल्या संधीसाठी मुलाखत देणं हा गुन्हा नाही. माणूस कुणाचा बांधील गडी नाही.

माझं म्हणणं मुलाखतीबद्दल नाहीच. ते त्या "येतो, नक्की" बद्दल आहे. होकार देईपर्यंत तुम्ही चार ठिकाणी बोला, घासाघीस करा, आठ दिवस मागून घ्या, कुणी वाईट म्हणणार नाही. पण एकदा हो म्हटलं की त्या शब्दावर बाकीची माणसं हलायला लागतात. कुणी दुसऱ्याला नकार देतं, कुणी मुलाची जागा सोडतं. सुपारी फुटल्यावर गुपचूप दुसरं स्थळ बघायला जाणाऱ्याला आपल्याकडं काय म्हणतात? नोकरी म्हणजे लग्न नव्हे, कबूल. तिथंही राग स्थळ बघितल्याचा नसतो, इकडच्या मांडवाची तयारी चालू ठेवल्याचा असतो.

"नुसती मुलाखतच तर दिली, नोकरी सोडली कुठं?" हे मला कितीतरी जणांनी ऐकवलंय. मी विचारतो, मग रजा साखरपुड्याची का मागितली? जे करण्यात काही गैर नाही असं वाटतं, ते सांगायला माणूस कचरत नाही.

हे काही आपल्याच गावचं दुखणं नाही. फार मोठ्या मैदानावर हेच झालंय. २०१८ चा विश्वचषक आठवा. स्पेनचे प्रशिक्षक खुलेन लोपेतेगी. २०१६ पासून त्यांच्या हाताखाली स्पेन २० सामने खेळला, १४ जिंकला, ६ बरोबरीत सोडवले, एकही हरला नाही. मे २०१८ मध्ये त्यांनी स्पेनच्या महासंघाशी करार वाढवला, २०२० पर्यंत. मेच्या शेवटच्या दिवशी झिनेदिन झिदान यांनी रेआल माद्रिद या क्लबचं प्रशिक्षकपद सोडलं. आणि १२ जूनला, संघ रशियात पोहोचलेला असताना, माद्रिदनं जाहीर केलं : विश्वचषकानंतर आमचे प्रशिक्षक लोपेतेगी. करार वाढवून पुरते तीन-चार आठवडेही झाले नव्हते. महासंघाचे अध्यक्ष लुईस रुबियालेस यांनी सांगितलं की जाहीर होण्याच्या जेमतेम पाच मिनिटं आधी आपल्याला कळवलं गेलं. १३ जूनला त्यांनी लोपेतेगींना काढलं. पोर्तुगालशी सामना १५ ला होता.

फेर्नांदो इएर्रो यांनी दोन दिवसांत संघ हातात घेतला. पोर्तुगालशी ३-३ झाले, रोनाल्डोनं तिन्ही मारले. पुढच्या फेरीत १ जुलैला मॉस्कोत यजमान रशियानं पेनल्टीवर स्पेनला घरी पाठवलं. लोपेतेगी माद्रिदला गेले खरे, पण ऑक्टोबरच्या शेवटी बार्सिलोनाकडून ५-१ असा मार खाल्ल्यावर तिथूनही त्यांना काढलं.

त्या वेळी आमच्याकडं कट्ट्यावर जोरात वाद झाले. बहुतेकांचं म्हणणं, अध्यक्षानं अहंकारापायी विश्वचषक घालवला. माद्रिदला जाणं चूक कसं? खुद्द स्पेनचा माणूस, जगातला सगळ्यात मोठा क्लब बोलावतोय. मलाही तेव्हा तसंच वाटलं होतं. आता वाटत नाही. त्या संघात रेआल माद्रिदचे सहा खेळाडू होते आणि माद्रिदचा कट्टर प्रतिस्पर्धी असलेल्या बार्सिलोनाचेही होते. एका सकाळी त्या सगळ्यांना कळलं की आपल्याला संघात ठेवणारा-वगळणारा माणूस महिन्याभरानं यातल्या काहींचा मालक आणि काहींचा वैरी होणार आहे. त्यानंतर त्याच्या प्रत्येक निर्णयाकडं खोलीतला प्रत्येक माणूस वेगळ्या नजरेनं बघणार. ही खोली प्रशिक्षकाच्या शब्दावर चालते. लोपेतेगींनी माद्रिदशी बोलणी सुरू होताच अध्यक्षांना फोन करून सांगितलं असतं, तर कदाचित तेच झालं असतं, कदाचित नसतंही. पण निर्णय घ्यायला पाच मिनिटांपेक्षा जास्त वेळ मिळाला असता.

अमेरिकेत याचं उलटं उदाहरण आहे, आणि त्यावर माझं मन अजून पुरतं ठरलेलं नाही. बॉस्टन कॉलेजचे जेफ जॅगोझिन्स्की. खेळ त्यांचा अमेरिकन फुटबॉल, आपला नव्हे. डिसेंबर २००६ मध्ये नेमणूक, दोन हंगाम उत्तम गेले, २० सामने जिंकले, ८ हरले. जानेवारी २००९ मध्ये न्यूयॉर्क जेट्स या व्यावसायिक संघानं त्यांना मुलाखतीला बोलावलं. कॉलेजचे क्रीडाप्रमुख जीन डिफिलिपो यांनी आधीच बजावलं होतं : मुलाखतीला गेलात तर नोकरी गेली समजा. ते गेले. दुसऱ्याच दिवशी काढलं. जेट्सनं शेवटी रेक्स रायन यांना घेतलं, म्हणजे हातातलंही गेलं आणि पळत्याचंही मिळालं नाही.

तिथं लपवाछपवी नव्हती. क्रीडाप्रमुखांनी रेषा आखली होती, ती ओलांडताना प्रशिक्षकाला किंमत माहीत होती. तरी दोन पूर्ण हंगाम इमानानं काम केलेल्या माणसाला मुलाखतीलाही जायचं नाही म्हणणं मला जड वाटतं. दोन हंगाम म्हणजे शब्द बऱ्यापैकी पाळला. पण दोन आठवडे? तीन आठवडे? तिथं मला शंका नाही.

त्याच खेळातल्या अटलांटा फाल्कन्स या व्यावसायिक संघाचे बॉबी पेट्रिनो तर पहिल्याच हंगामात, २००७ च्या डिसेंबरात, १३ सामने झाल्यावर निघून गेले. खेळाडूंना निरोप म्हणून लॉकरपाशी एक छोटंसं छापील पत्र ठेवलं. आमच्या ग्रुपवरच्या पावणेअकराच्या संदेशाची मला नेहमी त्यावरून आठवण होते.

याच्यापेक्षा बिली डोनोव्हन मला आवडतात. फ्लोरिडा विद्यापीठाला त्यांनी २००६ आणि २००७, लागोपाठ दोन वर्षं बास्केटबॉलचं राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिलं. जून २००७ मध्ये ऑर्लँडो मॅजिक या एनबीए, म्हणजे व्यावसायिक बास्केटबॉल लीगमधल्या संघाचं काम स्वीकारलं, पत्रकार परिषद झाली, आणि काही दिवसांतच त्यांना वाटलं, आपली चूक झाली, फ्लोरिडाच बरं. त्यांनी तसं तोंडावर सांगितलं. ऑर्लँडोनं सोडलं, पण अट घातली : पाच वर्षं एनबीएत कुठंही काम करायचं नाही. त्यांनी ती मानली. शब्द मोडला, पण किंमत स्वतः मोजली, दुसऱ्याच्या पोरांवर टाकली नाही. माणसाचं मन बदलतं. बदललं की पहिल्यांदा कुणाला सांगितलं, एवढंच मी बघतो.

आणि आपल्या शेजारचं उदाहरण घ्या. जुलै २०२४ मध्ये मानोलो मार्केस भारतीय संघाचे प्रशिक्षक झाले, तेव्हा ते एफसी गोवा या क्लबचेही प्रशिक्षक होते. अख्खा हंगाम ते दोन्हीकडं राहिले. दोन दगडांवर पाय म्हणतात ते अगदी हेच. भारताकडून निकाल काही चांगले आले नाहीत, आठ सामन्यांत एकच विजय, आणि जुलै २०२५ मध्ये परस्पर संमतीनं ते बाजूला झाले. गोव्याला मात्र त्यांनी मे २०२५ मध्ये सुपर कप मिळवून दिला. खेळाच्या दृष्टीनं ती व्यवस्था चुकलीच, असं माझं मत आहे. पण नीतीच्या दृष्टीनं मी त्यांना बोल लावणार नाही, कारण पहिल्या दिवसापासून महासंघाला, क्लबला, खेळाडूंना, तिकीट काढून येणाऱ्या माणसालाही माहीत होतं की हे गृहस्थ दोन ठिकाणी आहेत. कुणाची फसगत झाली नाही.

काही जण कायद्याचं विचारतात. आपल्याकडं १८७२ च्या करार कायद्याचं २७ वं कलम आहे. एखाद्याला त्याचा कायदेशीर पेशा करण्यापासून रोखणारा करार तेवढ्यापुरता निरर्थक ठरतो. म्हणजे नोकरी सोडल्यावर "आमच्या जिल्ह्यात तीन वर्षं शिकवायचं नाही" असं तुमच्याकडून लिहून घेतलं असेल तर त्याचा फारसा उपयोग नाही. कराराची मुदत चालू असतानाची गोष्ट वेगळी. कल्याणच्या सेंच्युरी रेयॉनमधला एक कर्मचारी पाच वर्षांचा करार अर्धवट सोडून कोट्याच्या कंपनीत गेला, तो खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला आणि १९६७ मध्ये न्यायालयानं मुदतीपुरतं ते बंधन योग्य ठरवलं. पण १८ हजारांच्या प्रशिक्षकावर कुठलं केंद्र कोर्टात जाणार? आम्ही तर जाणार नाही. इथं कायदा पोचत नाही, म्हणून तर हे पत्र.

आता आमच्याच लोकांना, म्हणजे केंद्र चालवणाऱ्यांना, शाळांच्या संस्थाचालकांना दोन शब्द सांगतो. तुमच्यासमोर सांगतो, म्हणजे तुम्हालाही आमच्याकडं बोट दाखवता येईल. अकरा महिन्यांचं पत्र द्यायचं, मधला एक महिना घरी बसवायचं, पगार वीस-बावीस तारखेला करायचा, तोही "फी जमली की देतो" म्हणत, आणि वर निष्ठा मागायची, हे चालणार नाही. पगार थकवला असेल तर त्या प्रशिक्षकानं दुसऱ्या आठवड्यात मुलाखत दिली तरी माझी तक्रार नाही, कारण करार आधी आपण मोडला. घरी आजारपण आलं, मैदानावर अपमान झाला, सांगितलं एक आणि काम दिलं दुसरं, तरी नाही.

आणि एक गोष्ट मला लिहायलाच हवी, नाहीतर हे पत्र खोटं ठरेल. बरीच वर्षं झाली. आमचे तेव्हाचे सर हंगामाच्या तोंडावर आजारी पडले. मी शेजारच्या तालुक्यातल्या एका शाळेत नुकत्याच लागलेल्या प्रशिक्षकाला फोन केला. दोन हजार जास्त देतो म्हणालो. तो एका रविवारी आला, भेटला, पुढच्या सोमवारी आमच्याकडं रुजू झाला. त्या शाळेतल्या मुलांचं काय झालं हे मी विचारलं नाही. "तिथं सांगितलंस का?" एवढं एक वाक्यही विचारलं नाही. मला माणूस मिळाला, मी खूश. पुण्याच्या त्या बाईंनी निदान मला फोन केला होता. मी तर तेही केलं नव्हतं. तिथंही कुणी एक पोरगं बॉल हातात घेऊन दारात उभं राहिलं असेल. गोलकीपर माझ्या दारात आला त्या रात्री मला पहिल्यांदा त्या शाळेची आठवण झाली. गेल्या वर्षी मी त्या शाळेत जाऊन तेव्हाच्या क्रीडाशिक्षकांना भेटलो, ते आता निवृत्तीला आलेत. त्यांनी चहा दिला. म्हणाले, "त्या वर्षी आम्ही संघ उतरवलाच नाही." पुढं काही बोलले नाहीत, मलाही सुचलं नाही.

तेव्हा माझी विनंती साधी आहे. होकार द्यायच्या आधी कुठं उत्तर यायचं बाकी असेल तर सांगा. "पुण्याहून पंधरा दिवसांत कळायचंय" असं म्हणालात तर आम्ही तुम्हाला घ्यायचं की थांबायचं ते ठरवू, दुसऱ्या उमेदवाराला घाईनं नकार देणार नाही. होकार दिल्यावर अचानक फोन आला, तर जाण्याआधी सांगा, येऊन नव्हे. आम्ही चिडू, थोडं लागेलसं बोलूही. ते सहन करा, कारण तेवढं तुमच्या वाटणीचं आहे. तोवर मुलाच्या खेळात मोठा बदल करायला घेऊ नका, आणि कुणाच्या आईबापाला "दोन वर्षं माझ्याकडं द्या" असं म्हणू नका. आणि जायचंच ठरलं तर एक संध्याकाळ द्या. मुलांना गोलात बसवून स्वतःच्या तोंडानं सांगा. मुलं समजून घेतात. "सर मोठ्या ठिकाणी चाललेत" याचा त्यांना अभिमानसुद्धा वाटतो. आणि वहीत पुढचं पान लिहून ठेवा.

मुलाखत घेणाऱ्या संस्थांनाही एकच विचारतो. समोरचा माणूस तीन आठवड्यांपूर्वी दुसरीकडं रुजू झालाय हे अर्जात दिसतं. "तिथं सांगून आलात का?" हे विचारायला पैसे पडत नाहीत. नाही म्हणाला तर पाणी द्या आणि म्हणा, सांगून या, आम्ही थांबतो.

त्या सरांबद्दल मनात राग उरलेला नाही. पुण्यात त्यांचं चांगलं चाललंय असं ऐकतो. हे पत्र त्यांच्यापर्यंत पोहोचलं तर त्यांनी फक्त एवढं कळवावं, टेनिस बॉलनंतर काय करायचं होतं. पोरगं आता चौदाचं झालंय, अजून आमच्याकडंच खेळतं, आणि कॉर्नर आला की अजून क्षणभर डोळे मिटतं.

या वर्षी आमच्याकडं नव्या सरांचं ठरतंय. परवा भेटायला आले होते. उठता उठता म्हणाले, "काका, एक सांगायचं राहिलं. सांगलीच्या एका शाळेतही मुलाखत दिलीय, २० तारखेपर्यंत कळवतो म्हणालेत." मी दुसऱ्या उमेदवाराला फोन करून सांगितलंय, २० पर्यंत थांब. मुलांचे गटही अजून पाडलेले नाहीत. तोवर सकाळी साडेसहाला मैदान उघडून मीच त्यांना पळवतोय, चिखलात.

आपला,
कोल्हापुरातल्या एका लहान फुटबॉल केंद्राचा कारभारी